झिजून संपणारी करवत

चंडीगडची जुनी सरकारी खुर्ची लोक पायांवरून ओळखतात. वर जुळलेले, खाली फाकलेले सागवानी पाय, त्यांवर सरळ हात आणि वेताची बैठक. माझ्याकडे अशी खुर्ची दुरुस्तीला आली की मी ती आधी पालथी घालते. वरचे लाकूड साठ-सत्तर वर्षांत कितीदा तरी घासून, पॉलिश करून गुळगुळीत झालेले असते. खालच्या बाजूला सहसा कोणी हात लावलेला नसतो. तिथे रंगाने उमटवलेली कार्यालयाची अक्षरे असतात, आणि लाकूड उजेडाकडे तिरके धरले तर करवतीच्या खुणाही दिसतात.

या खुणा वाचता येतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलेल्या लाकडावर कमानी उमटतात. पट्ट्याच्या आरा मशीनवर चिरलेल्या फळीवर सरळ, समांतर, सारख्या अंतराच्या रेघा येतात. हातकरवतीच्या रेघा तिरक्या असतात आणि त्यांचा कोन मध्येच बदलतो, कारण माणूस दमतो, पाय हलवतो, पुन्हा कापायला लागतो. मी उघडलेल्या खुर्च्यांमध्ये पट्ट्या बहुतेक आरा मशीनवर चिरलेल्या होत्या. पण सांधा उकलून कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे टोक, बाहेर काढले की त्याच्या खांद्यावर टोकदार अवजाराने आखलेली बारीक रेघ आणि तिला खेटून गेलेली हातकरवतीची चीर दिसते. फळी यंत्राने दिली, सांधा हाताने कापला. मोठ्या संख्येने बनलेल्या या खुर्च्यांत एकीचे कुसू दुसरीच्या खाचेत बसत नाही, त्याचे कारण हेच.

वास्तुरचनाकार पिएर जानरे १९५१ साली ल कॉर्ब्युझिएबरोबर या शहराच्या कामासाठी आला आणि १९६५ पर्यंत इथेच राहिला. सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ, वाचनालये अशा सगळ्या इमारतींसाठी मेज-खुर्च्या हव्या होत्या. त्याने आणि युली चौधरींसारख्या त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्या आखल्या, आणि ठिकठिकाणच्या सुतारशाळांनी त्या साग-शिसमात उतरवल्या. आखणाऱ्यांची नावे आज लिलावाच्या पुस्तिकांत छापलेली असतात. घडवणाऱ्यांचे नाव मला एकाही खुर्चीच्या पोटाशी सापडलेले नाही. त्यांच्या हाताचा माग त्या चिरेतच काय तो उरला आहे.

मी मूळची राजापूर तालुक्यातली. आजोबा गावातले सुतार, वडील मुंबईत कारकून. मी पुण्यात लाकूडकाम शिकले आणि जुन्या फर्निचरच्या कामाच्या ओढीने चंडीगडला आले. इंडस्ट्रियल एरियात माझी लहानशी कार्यशाळा आहे. सुरुवातीला करवत हे माझ्या लेखी दुकानातून आणायचे आणि बोथट झाले की टाकायचे अवजार होते. शिकतानाही आम्ही रंध्याला आणि पटाशीला धार लावायला शिकलो. करवतीला धार लावायला कोणी शिकवले नाही.

दुरुस्तीच्या कामाने अडचण आणली. जुना सांधा सोडवताना लाकूड वाचवायचे असते. विजेच्या गोल करवतीचे पाते अडीच-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. चांगली कुसूची हातकरवत एक मिलिमीटरही खात नाही. पूर्वी कोणीतरी खिळे ठोकून, सरस भरून बसवलेले ठिगळ काढायचे असेल तर या दोन मिलिमीटरांवर मूळ कुसू राहणार की जाणार हे ठरते. मी हातकरवतीकडे वळले आणि लगेच लक्षात आले की जुने सागवान नव्या करवतीचे दाते फार लवकर खाते. सागाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. त्याच गुणाने पटाशीची धारही जाते, पण पटाशी दगडावर फिरवून पुन्हा कामाला लावता येते. माझ्या करवतीवर कानस नुसती घसरत होती.

त्याचे कारण दात्यांच्या टोकांवरच लिहिलेले होते. ती टोके निळसर काळी होती. आजकालच्या बहुतेक स्वस्त करवतींचे दाते कारखान्यात विजेच्या झटक्याने क्षणार्धात तापवून तितक्याच झटपट थंड केलेले असतात. त्यामुळे टोक कानशीइतके किंवा तिच्याहून कठीण होते. घरात अधूनमधून एखादी फळी कापणाऱ्याला अशी करवत सोयीची असते, ती पुष्कळ दिवस टिकते. पण एकदा गेली की गेलीच. तिचे दाते कारखान्याने ठरवले तेच, आणि तेच शेवटपर्यंत.

सेक्टर २६ च्या टिंबर मार्केटमध्ये मी 'सीपी टीक' घ्यायला जाते. जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या नावाने आजही विकला जाणारा हा साग बल्लारशाह-आलापल्लीच्या जंगलांतला, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. इथे तो वखारीत मुकाट पडलेला असतो आणि मला तो गावाकडचा माणूस भेटल्यासारखा वाटतो. तर तिथल्याच एका वखारवाल्याने मला सांगितले की करवतीचे काम असेल तर मणिमाजऱ्याच्या गल्लीत एक बाबाजी बसतात, त्यांच्याकडे जा.

बाबाजी रामगढिया शीख, वय पंचाहत्तरीच्या पुढचे. पंजाबात सुतार, लोहार आणि गवंडी या कामांतली फार मोठी परंपरा या समाजाची. लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉकवुड किपलिंगच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे अमृतसरच्या खालसा कॉलेजची इमारत आखणारे, थेट इंग्लंडच्या राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल सजवणारे भाई राम सिंग याच समाजातले. युगांडा रेल्वे बांधली जात असताना आणि त्यानंतरही रामगढिया कारागीर मोठ्या संख्येने पूर्व आफ्रिकेत गेले. बाबाजींचे आजोबा त्यांतलेच. नैरोबीत घेतलेली शेफील्डची एक करवत बाबाजींकडे अजून आहे. तिचे पाते झिजून जेमतेम तीन बोटे रुंद उरले आहे, आणि तेच त्यांचे सर्वांत लाडके पाते.

त्यांच्याकडे तीन जातीच्या करवती होत्या. पहिली ही शेफील्डची, ढकलताना कापणारी. दुसरी जुन्या देशी घडणीची, दाते मुठीकडे वळलेले, म्हणजे ओढताना कापणारी. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करणाऱ्या माणसाला ओढणेच सोयीचे पडते. ओढताना पाते ताणले जाते, त्यामुळे ते पातळ असले तरी वाकत नाही. जपानी करवतीही याच तत्त्वावर चालतात. इंग्रजी पद्धतीचे उंच बाक आले, सुतार उभे राहून काम करू लागले आणि ढकलायच्या करवती सगळीकडे पसरल्या. बसण्याची रीत बदलली तशी दात्यांची दिशा बदलली.

तिसरी जात मला सर्वांत उपयोगाची ठरली. ती बाबाजी स्वतः बनवत. आरा मशीनचे रुंद पट्टे काही काळाने चिरा पडून बाद होतात. ते पोलाद उत्तम असते, कारण चाकांवरून दिवसभर वाकत-सरळ होत राहण्यासाठीच ते बनवलेले असते. बाबाजी वखारीतून असा तुकडा आणत, छिन्नीने हव्या आकाराचा कापत, कडा घासत, मुठीसाठी भोके पाडत. या सगळ्यात भट्टी कुठेच नाही. पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी तसेच राखायचे, म्हणून घासतानाही ते पाते मधूनमधून ओल्या फडक्याने पुसत. कड निळी पडली की तिथला कडकपणा उतरला, हे त्यांनी मला एका वाया गेलेल्या तुकड्यावर दाखवले. बोटांनी दाबताच तो तुकडा वाकला आणि तसाच राहिला.

खरे कसब त्यापुढे. पट्टा वर्षानुवर्षे चाकांवर फिरलेला, त्याला बाक असतो. तो ऐरणीवर हातोडीने काढायचा. मी धरून चालले होते की जिथे फुगवटा तिथे ठोकायचे. बाबाजी फुगवट्याच्या भोवती ठोकत. ठोकले की तिथले पोलाद किंचित पसरते. फुगवट्यावरच मारले तर तो आणखी फुगतो, आजूबाजूला मारले तर त्याला पसरायला जागा मिळते आणि तो बसतो. काही घाव मारले की ते पाते उचलून डोळ्यापुढे धरत, आरपार पाहत, मग टिचकी मारून ऐकत. शेवटी टोक मुठीकडे वळवून पात्याची कमान करत आणि सोडून देत. ते सुतासारखे सरळ झाले तर मूठ बसवायची, नाहीतर पुन्हा ऐरणीवर. मूठ टाहलीची, म्हणजे शिसमाची.

एवढे झाले तरी हातात होती ती दाते नसलेली एक पट्टी. ती घेऊन ते मला विचारत, "किहडी लक्कड?" कोणते लाकूड? हे कळल्याशिवाय ते कानस उचलत नसत.

दात्यांचे गणित एकदा समजले की त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. लाकडाचे तंतू उभे चिरायचे असतील तर प्रत्येक दाता छोट्या पटाशीसारखा हवा, समोरून चपटा. इंचाला पाच-सहा दाते पुरतात, कारण भुसा मोठा पडतो आणि त्याला खाचेत मावायला जागा लागते. तंतू आडवे कापायचे असतील तर पटाशी चालत नाही, ती तंतू उचकटते. तिथे दात्याची कड सुरीसारखी तिरपी घासायची, म्हणजे डावे-उजवे दाते दोन्हीकडून तंतू तोडत जातात आणि मधला भाग आपोआप मोकळा होतो. इंचाला आठ ते दहा दाते. कुसूच्या खांद्यासाठी त्याहून बारीक, बारा-चौदा. पाते तेच, कानस तीच. कानस किती अंशांत धरली, एवढ्यावर करवतीची जात ठरते.

धार लावण्याचे काम बाबाजींनी मला थंडीत शिकवले, गच्चीवर, सकाळचे धुके विरल्यावर. या कामाला ऊन लागते. पाते दोन फळ्यांच्या चापात दाते वर करून धरायचे, आणि दाते फळीच्या वर अगदी थोडेच ठेवायचे. जास्त ठेवले तर पाते थरथरते, कानस कर्कश ओरडते आणि तिचे स्वतःचे दाते मरतात. मग सपाट कानस सगळ्या टोकांवरून लांबलचक फिरवायची. उंच दात्यांच्या टोकांवर चमकते ठिपके दिसतात, बुटक्यांवर दिसत नाहीत. सगळ्या टोकांवर ठिपके येईपर्यंत हे चालते. आता दाते एका पातळीत आले, पण सगळे बोथट झाले. पाहणाऱ्याला वाटावे की करवत बिघडवली.

मग तिधारी कानस. ती दोन दात्यांमधल्या खाचेत बसते आणि एका फटक्यात एकाचे पुढचे अंग व दुसऱ्याचे मागचे अंग घासते. ठिपका मोठा असेल त्या बाजूला जोर द्यायचा. पुढे ढकलताना घासायचे, मागे आणताना उचलायचे. ठिपका अर्धा झाला की पुढच्या खाचेत. "पहलां दंदे वेख, फेर लक्कड वेखीं," असे ते म्हणायचे. आधी दाते बघ, लाकडाकडे नंतर बघशील. ठिपका नाहीसा होतो त्या क्षणी थांबायचे, त्यापुढचा एक फटकाही दात्याला बुटका करतो. मी अनेक अवजारे वापरली आहेत, पण काम पूर्ण झाल्याची इतकी नेमकी खूण दुसऱ्या कशात पाहिलेली नाही. चमक गेली, म्हणजे धार आली.

दाते घडले की त्यांना सेट द्यायचा, म्हणजे एकाआड एक दाता डावीकडे आणि उजवीकडे किंचित झुकवायचा, आणि तोही फक्त वरचा अर्धा भाग. मुळातून वाकवला तर दाता तुटतो. सेटमुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पाते अडकत नाही. बाबाजींकडे त्यासाठी खाच पाडलेली एक पोलादी पट्टी होती. ती दात्यावर बसवायची आणि मनगट वळवायचे. मी बाजारात मिळणारे पकडीचे अवजार वापरते, त्यात प्रत्येक दाता सारखा वळतो. सेट दिल्यावर कानशीचा एक हलका हात पुन्हा, आणि अखेरीस कुरुंदाचा दगड दोन्ही बाजूंनी एकेकदा फिरवायचा. आडव्या कापाची करवत नीट झाली असेल तर दात्यांच्या दोन ओळींमध्ये एक सरळ घळ तयार होते. पाते कलते धरून त्या घळीत शिवणाची सुई ठेवली तर ती न पडता शेवटपर्यंत घसरत जाते. ही जुनी परीक्षा मी आजही घेते.

करवत रेघ सोडून एकीकडे जात असेल तर मनगटाला दोष देण्याआधी दाते पाहावेत. ज्या बाजूला सेट जास्त, त्या बाजूला करवत ओढली जाते. तिथे दगड एकदा फिरवला की ती सरळ येते. हे कळण्याआधी अशा वेळी मी हात मुरडून रेघेवर राहायचे. अनेक सुतार आयुष्यभर तसेच राबतात.

आजोबांची करवत मी चंडीगडला आणली ती या शिकण्यानंतर. ते गेल्यापासून ती माळ्यावर होती. खंडेनवमीला खाली यायची, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घ्यायची, पुन्हा खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून वर जायची. पंजाबात अवजारांचा हा दिवस दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पाडव्याला येतो. त्याला इथे विश्वकर्मा दिवस म्हणतात, आणि त्या दिवशी मणिमाजऱ्यात एकही रंधा चालत नाही. बाबाजींच्या गल्लीत आरत्या झाल्या, प्रसाद वाटला गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी ती करवत त्यांच्यापुढे ठेवली. कुणाची, कुठली, काही सांगितले नाही.

त्यांनी ती उन्हाकडे धरली, बोट फिरवले. मग म्हणाले, हा माणूस ओली लाकडे कापत असणार. सेट एवढा रुंद ठेवला आहे तो त्याशिवाय नाही. ओल्या लाकडाचे तंतू फुगतात, दाबतात, अरुंद चिरेत पाते धरून ठेवतात. माझ्या डोळ्यांपुढे पावसाळ्याच्या तोंडावर पाडलेला फणस आला. पुढे म्हणाले, एकाआड एक खाच खोल आहे, म्हणजे हा करवत न पलटवता एकाच बाजूने घासायचा. त्याच्याकडे चाप नसावा. पायात धरून, लोकांच्या अंगणात बसून करत असेल. कोकणात सुतार घरोघरी जाऊन काम करत, आजोबाही तसेच. पाते मध्यभागी कमी रुंद, टोकांना जास्त. मधले दाते जास्त कापतात, जास्त बोथट होतात, म्हणून जास्त घासले गेलेले.

मी त्या माणसाबद्दल घरी जे ऐकले होते, त्यातले बरेचसे त्या पात्यावर नोंदलेले होते. आणि आता ती नोंद पुसायची की ठेवायची, हा प्रश्न होता. करवत वापरायची तर टोके एका पातळीत आणावी लागणार, सेट कमी करावा लागणार, कारण चंडीगडमधले माझे लाकूड साठ वर्षांचे वाळलेले. आजोबांच्या हाताचा प्रत्येक कोन कानशीखाली जाणार. बाबाजी म्हणाले, त्याने बापाचे दाते ठेवले होते का? नव्हते ठेवले. दर काही दिवसांनी त्यानेही आधीचे पुसूनच नवे केले होते.

मी करवत घासायला दिली. नाही, नीट सांगायचे तर कानस त्यांनी माझ्याच हातात ठेवली आणि स्वतः बाजूला बसून राहिले.

तेव्हापासून मला करवतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. लोहार किंवा कारखाना देतो ते पोलाद. करवत वापरणारा ती आपल्या लाकडासाठी पुरी करतो, आणि हे पुरे करणे कधी संपत नाही. दर वेळी पाते केसभर अरुंद होते. मन लावून वापरलेली, वेळच्या वेळी घासलेली करवत शेवटी इतकी निमुळती होते की ताठ राहत नाही, मग तिचा खरवडणीचा तुकडा होतो, मग तोही जातो. संग्रहालयात पोचणाऱ्या करवती बहुधा कमी वापरलेल्या असतात. चांगल्या सुताराची चांगली करवत मागे उरतच नाही.

चंडीगडमध्ये हे विशेष जाणवते, कारण या शहराने आपल्या लाकडी वस्तू जपायचे मनावर घेतले आहे. भंगारात आणि सरकारी लिलावात गेलेल्या खुर्च्या युरोप-अमेरिकेत मोठ्या किमतींना विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा जाग आली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरची परदेशी विक्री रोखण्याचा आदेश काढला. आता त्याच्या याद्या आहेत. सेक्टर ५ मधल्या जानरेच्या घरात संग्रहालय आहे. खुर्चीची मापे कोणालाही मिळतात, तिच्या नकला कितीतरी ठिकाणी बनतात. मूळ कुसू ज्या करवतींनी कापले त्यांच्यातली एकही मला पाहायला मिळालेली नाही, आणि मिळेल अशी आशाही नाही. त्या झिजून गेल्या. मागे ठेवता येण्यासारखे होते ते धार लावण्याचे ज्ञान, आणि ते कपाटात ठेवता येत नाही. कोणीतरी दर आठवड्याला कानस चालवत राहिले तरच ते राहते.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, लोहार आहे, हातोडा आणि अवजारे बनवणारा कारागीरही वेगळा धरला आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने तिची चौकशी केली तेव्हा मला बरे वाटले. अवजार घडवणाऱ्याला स्वतंत्र कारागीर मानले, हेही योग्यच. फक्त करवतीच्या बाबतीत तो घडवणारा दोघांत विभागलेला असतो, आणि त्यातला दुसरा अर्धा प्रत्येक सुताराने स्वतः व्हायचे असते. आजच्या मजुरीच्या हिशेबात मात्र त्या अर्ध्याला जागा नाही. सुताराचा दिवस फुटावर किंवा नगावर मोजला जातो. दाते घासण्यात गेलेला तास कोणी मोजत नाही, म्हणून मुले तो तास वाचवतात आणि बोथट करवतीने दोन तास घालवतात, किंवा फेकायची करवत घेतात. त्यांना मी आळशी म्हणणार नाही. ज्या कामाचा पैसा मिळत नाही ते काम माणूस सोडतो.

म्हणून माझ्या अंदाजपत्रकात मी आता एक वेगळी ओळ लिहिते. सांधे उकलणे, कुसू दुरुस्ती, वेत, पॉलिश, आणि त्यांच्याबरोबर 'करवतींची धार'. कार्यशाळेतल्या मुलांना धारेच्या तासाची मजुरी कापण्याच्या तासाइतकीच देते, आणि आठवड्यातली एक सकाळ त्यासाठी राखून ठेवते. धुक्याच्या दिवसांत ती सकाळ दुपारवर ढकलतो, कारण ठिपके दिसायला ऊन हवे. संध्याकाळी सगळी पाती मोहरीच्या तेलाच्या फडक्याने पुसतो, नाहीतर जानेवारीतला ओलावा एका रात्रीत तांबेरा चढवतो.

ग्राहकांना ती ओळ खटकते. एका गृहस्थांनी सरळ विचारले, तुमची अवजारे तुम्ही धारदार ठेवायची, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? मी त्यांच्याच खुर्चीचे उकललेले कुसू त्यांच्या हातात दिले, आणि शेजारी विजेच्या करवतीने कापलेला एक तुकडा. दोन्ही चिरांच्या रुंदीतला फरक नखाने मोजता येतो. तेवढे लाकूड तुमच्या खुर्चीतून जाणार की नाही, त्याचे हे पैसे, असे मी सांगितले. त्यांनी घासाघीस केली, वेताचा दर थोडा कमी करून घेतला. धारेची ओळ राहिली. काही लोक ती खोडतात. त्यांचे काम मी घेत नाही.